आधुनिक अलंकारांवरील प्राचीन ग्रीक योद्धा-प्रतीके : अर्थ, अर्थांतर आणि इतिहासभान

प्रस्तावना

अलंकार हा केवळ सौंदर्यवर्धनाचा विषय नसून तो मानवी समाजाच्या श्रद्धा, प्रतिष्ठा, भय आणि आकांक्षा यांचा बोलका पुरावा असतो. म्हणूनच नाणी, शिलालेख व मृद्भांडी यांच्याप्रमाणे अलंकारांनाही इतिहासाचे साधन म्हणून स्थान दिले जाते. प्राचीन अलंकार ज्या काळात घडविले गेले त्या काळाविषयी सांगतात. याउलट, प्राचीन प्रतीके धारण करणारे आधुनिक अलंकार दोन काळांविषयी एकाच वेळी सांगतात : ज्या काळातून प्रतीक घेतले तो काळ आणि ज्या काळाला ते हवेसे वाटले तो काळ. या दोहोंतील अंतर हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

आज चांदीच्या, पोलादाच्या अथवा सोन्याच्या लॉकेटवर, अंगठीवर आणि कड्यावर ग्रीक योद्ध्याचे शिरस्त्राण, गोल ढाल, 'लॅम्डा' हे अक्षर, मेड्युसाचे मस्तक, दुधारी परशू व सोळा किरणांचा तारा ही चिन्हे सर्रास आढळतात. अथेन्समधील प्लाका भागातील सराफी दुकानांपासून भारतातील शहरांतील फॅशन ज्वेलरीच्या टपऱ्यांपर्यंत त्यांचा प्रसार झालेला आहे. पदवीच्या वर्गात प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकविताना एका विद्यार्थ्याच्या गळ्यात शिरस्त्राणाचे लॉकेट दिसले. त्याचा अर्थ विचारता, "हे स्पार्टाचे, म्हणजे कोणापुढेही न झुकण्याचे चिन्ह," असे उत्तर त्याने दिले. उत्तर प्रामाणिक होते, परंतु स्पार्टाचा इतिहास त्या उत्तरात पूर्णपणे मावत नाही. त्या उत्तरात काय आले आणि काय सुटले, याचा शोध घेण्याची गरज त्यातून जाणवली.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्राचीन ग्रीक योद्धा-प्रतीकांचा मूळ संदर्भ समजून घेणे.
२. प्राचीन ग्रीक समाजात ही प्रतीके अलंकारांवर कोणत्या स्वरूपात होती, हे तपासणे.
३. आधुनिक काळात या प्रतीकांचे पुनरुज्जीवन कसे झाले, याचा आढावा घेणे.
४. प्रतीकांच्या आजच्या अर्थांची ऐतिहासिक चिकित्सा करणे.

संशोधन पद्धती व व्याप्ती

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. हिरॉडोटस, झेनोफन व प्लुटार्क यांच्या लेखनातील माहिती आणि उत्खननांतून मिळालेल्या व संग्रहालयांत जतन केलेल्या वस्तू यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. अभ्यासाचा कालखंड मायसिनियन काळापासून हेलेनिस्टिक काळापर्यंत आणि पुढे एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत असा मर्यादित ठेवला आहे.

प्राचीन ग्रीसमधील योद्धा आणि अलंकार

ग्रीक भूमीवर योद्धा आणि अलंकार यांचा संबंध फार जुना आहे. हाइन्रिख श्लीमान यांनी १८७६ मध्ये मायसिनी येथे केलेल्या उत्खननात चौथ्या क्रमांकाच्या कूपसमाधीत एक सोन्याची मुद्रिका सापडली. तिच्या छोट्याशा पृष्ठभागावर चार योद्ध्यांची झुंज कोरलेली आहे. २०१५ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या जॅक डेव्हिस व शॅरन स्टॉकर यांच्या चमूने पायलॉस येथे सुमारे इ. स. पू. १४५० मधील एका योद्ध्याची समाधी उघडकीस आणली. तिच्यात शस्त्रांबरोबर सोन्याच्या चार मुद्रिका, हजाराहून अधिक मणी आणि अकीक दगडाची एक मुद्रा मिळाली. २०१७ मध्ये ही मुद्रा स्वच्छ केल्यावर अवघ्या ३.६ सेंटिमीटर लांबीच्या त्या दगडावर एक योद्धा दुसऱ्याच्या मानेत तलवार खुपसत असल्याचे अत्यंत सूक्ष्म दृश्य दिसून आले. यावरून कांस्ययुगातील योद्धा स्वतः अलंकार वापरत होता आणि त्या अलंकारांवर युद्धाचे चित्र होते, हे निर्विवाद ठरते.

अभिजात काळात, म्हणजे इ. स. पू. पाचव्या व चौथ्या शतकांत, परिस्थिती बदललेली दिसते. नगरराज्यातील पुरुष नागरिकाने मुद्रिकेखेरीज फारसे अलंकार घालू नयेत असा संकेत रूढ होता. कर्णभूषणे, कंठहार व कंकणे ही स्त्रियांची मानली जात. त्यामुळे या काळातील अलंकारांवर वीरत्वाची चिन्हे येतात ती बहुधा स्त्रियांच्या अंगावर. बॉस्टन येथील ललितकला संग्रहालयात इ. स. पू. चौथ्या शतकातील एक सुवर्ण कर्णभूषण आहे. दोन घोड्यांचा रथ हाकणारी विजयदेवता नाइकी हा त्याचा विषय. म्हणजे रणांगणावरील विजयाची देवता स्त्रीच्या कानात डुलत होती.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण म्हणजे 'हेराक्लीसची गाठ'. एकमेकांत गुंतलेल्या दोन फासांची ही आकृती इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून हेलेनिस्टिक शिरोभूषणे, हार व कंकणे यांच्या मध्यभागी मोठ्या प्रमाणात आढळते. हेराक्लीस हा ग्रीकांचा सर्वांत बलाढ्य वीर असला तरी त्याच्या गाठीचा अर्थ आक्रमण नव्हे, तर संरक्षण असा होता. रोमन लेखक थोरला प्लिनी याने या गाठीने बांधलेली जखम लवकर बरी होते, अशी समजूत नोंदविली आहे. रोमन वधूच्या कमरपट्ट्यालाही हीच गाठ मारली जात असे. वीराचे सामर्थ्य परिधान करणाऱ्याचे रक्षण करते, ही श्रद्धा या अलंकारांमागे होती. आपल्याकडे लहान मुलाच्या गळ्यात वाघनख घालण्यामागील भावना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा विचार परका वाटणार नाही.

यावरून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. प्राचीन ग्रीकांनी अलंकारावर जे कोरले ते प्रामुख्याने दैवी संरक्षण व दैवी विजय यांचे चिन्ह होते. सामान्य पायदळ सैनिकाचे शिरस्त्राण गळ्यात लटकविण्याची आजची पद्धत ही त्यांच्या परंपरेचे जसेच्या तसे अनुकरण नाही. ती मुख्यतः आधुनिक काळाची निर्मिती आहे.

प्रमुख प्रतीके : मूळ अर्थ आणि आजचा अर्थ

अ) कॉरिंथियन शिरस्त्राण

आधुनिक अलंकारांवर 'स्पार्टन शिरस्त्राण' म्हणून जे दाखविले जाते ते वस्तुतः कॉरिंथियन प्रकारचे शिरस्त्राण आहे. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस ते प्रचारात आले. कांशाच्या एकाच पत्र्यातून ठोकून घडविलेले हे शिरस्त्राण डोळे व तोंड यांच्यापुरती फट सोडून संपूर्ण चेहरा झाकत असे. संरक्षणाच्या दृष्टीने ते उत्कृष्ट होते, परंतु त्यामुळे कान झाकले जात व बाजूचे दिसणेही मर्यादित होई. हिरॉडोटसने आपल्या चौथ्या खंडात लिबियातील एका उत्सवाचे वर्णन करताना 'कॉरिंथियन शिरस्त्राण' असा स्पष्ट उल्लेख केला आहे. ते केवळ स्पार्टाचे नव्हते. अनेक ग्रीक नगरराज्यांतील हॉप्लाइट, म्हणजे जड शस्त्रधारी पायदळ सैनिक, ते वापरत. ऑलिंपिया येथील संग्रहालयात मिल्टियाडीसचे नाव कोरलेले असे एक शिरस्त्राण आहे. झ्यूस देवाला ते अर्पण केल्याचे त्यावरील लेखातून कळते, आणि मिल्टियाडीस हे नाव अथेन्सच्या इतिहासातील आहे, स्पार्टाच्या नव्हे.

इ. स. पू. पाचव्या शतकात या शिरस्त्राणाचा रणांगणावरील वापर कमी होत गेला. शतकाच्या उत्तरार्धात स्पार्टन सैनिक 'पायलॉस' नावाचे, शंकूच्या आकाराचे, चेहरा उघडा ठेवणारे साधे शिरस्त्राण वापरताना दिसतात. मात्र वापरातून गेल्यावरही कॉरिंथियन शिरस्त्राण कलेतून गेले नाही. पेरिक्लीसच्या सुप्रसिद्ध अर्धपुतळ्यात ते कपाळावर मागे सारलेले दिसते. तेथे ते सेनापतिपदाचे चिन्ह आहे. कॉरिंथच्या चांदीच्या नाण्यांवर आणि पुढे अलेक्झांडरच्या सुवर्ण नाण्यांवर अथीना देवीच्या मस्तकी तेच आहे. अलेक्झांडरच्या सैन्यासाठी हे शिरस्त्राण जुन्या काळातील वस्तू होती. थोडक्यात, युद्धसाधनाचे प्रतीकात रूपांतर होण्याची प्रक्रिया प्राचीन काळातच सुरू झाली होती. आजचा कारागीर त्या प्रक्रियेचा आरंभकर्ता नसून वारसदार आहे.

ब) ढाल आणि 'लॅम्डा'

'आस्पिस' नावाची हॉप्लाइटची गोल ढाल लाकडाची असून तिचा व्यास सुमारे ९० सेंटिमीटर असे. डावा हात मधल्या पट्ट्यातून घालून कडेची मूठ धरली जाई. अशा धरणीमुळे ढालीचा डावीकडील भाग शेजारच्या सैनिकाच्या उघड्या बाजूस आधार देत असे. इ. स. पू. सातव्या शतकातील, रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात असलेल्या 'चिजी' पात्रावर ढालींची अशी रांग चित्रित केलेली आहे. शिरस्त्राण व चिलखत सैनिक स्वतःसाठी घालतो, ढाल मात्र साऱ्या रांगेसाठी वाहतो, असा विचार प्लुटार्कने स्पार्टन राजाच्या तोंडी घातला आहे. म्हणून ढाल टाकून पळणे हा शिरस्त्राण टाकण्यापेक्षा मोठा कलंक समजला जाई. आजच्या लॉकेटवरील ढाल मात्र एकट्या, स्वयंपूर्ण योद्ध्याचे प्रतीक म्हणून विकली जाते. सामूहिक जबाबदारीचे चिन्ह वैयक्तिक पराक्रमाचे चिन्ह बनणे, हे अर्थांतराचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

अभिजात काळापूर्वी व त्या काळातही अनेक सैनिक ढालीवर स्वतःच्या आवडीचे चिन्ह रंगवीत. इ. स. पू. ४६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या 'थीब्जवर चालून गेलेले सात' या नाटकात ढालींवरील चिन्हांची विस्तृत वर्णने आहेत. प्लुटार्कने एका स्पार्टन सैनिकाची कथा दिली आहे. त्याच्या ढालीवर खऱ्या माशीएवढीच माशी रंगविली होती. ओळखू येऊ नये म्हणून हे लहान चिन्ह निवडले काय, अशी थट्टा झाली तेव्हा, आपण शत्रूच्या इतके जवळ जातो की त्याला ती नीट दिसते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. दुसरीकडे अथेन्सच्या अल्किबायडीसने वज्र हाती घेतलेल्या इरॉसचे चिन्ह असलेली सोनेरी ढाल बनवून घेतली होती आणि प्रतिष्ठित नागरिकांना ती उद्दामपणाची वाटली, असेही प्लुटार्क सांगतो. प्रतीक धारण करणे आणि प्रतीकाला पात्र असणे यांतील फरक प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होता, हे या दोन कथांतून दिसते.

पुढे काही नगरराज्यांनी सामाईक अक्षरचिन्हे स्वीकारली. लॅकेडेमॉन या राज्यनामाचे आद्याक्षर लॅम्डा हे स्पार्टन ढालीवर होते, याचा आधार म्हणजे पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातील युपोलिस या नाटककाराचे, उत्तरकालीन लेखकांनी जतन केलेले त्रोटक वचन. इ. स. पू. ३९२ च्या सुमारास कॉरिंथ येथील लढाईचे वर्णन करताना झेनोफन सांगतो, की स्पार्टन अधिकारी पासिमाखस याने सिसियनच्या सैनिकांच्या 'सिग्मा' अक्षर असलेल्या ढाली घेऊन हल्ला केला. सिग्मा पाहून आर्गॉसचे सैनिक निर्धास्त राहिले. ढालीवरील अक्षराला प्रत्यक्ष रणांगणात किती महत्त्व होते, हे यावरून कळते. तथापि इ. स. पू. ४८० मधील थर्मोपिलीच्या लढाईत लिओनिडासच्या सैनिकांच्या ढालींवर लॅम्डा होता, याला समकालीन पुरावा नाही. कॉरिंथियन शिरस्त्राण आणि लॅम्डा यांची जी जोडी आज पदकावर एकत्र दिसते ती दोन वेगवेगळ्या पिढ्यांची सरमिसळ असण्याचा संभव अधिक आहे.

क) मेड्युसाचे मस्तक

गॉर्गन मेड्युसाचे मस्तक हे ग्रीकांचे सर्वांत प्रभावी भयनिवारक चिन्ह होते. 'इलियड'मध्ये ते अथीनेच्या कवचावर व आगामेम्नॉनच्या ढालीवर आहे. शत्रूला भय घालणे आणि धारण करणाऱ्याचे दृष्ट व अनिष्टापासून रक्षण करणे, असे त्याचे दुहेरी कार्य होते. त्यामुळे ते ढालीवर, मंदिराच्या शिखरावर, भट्टीवर आणि अलंकारांवरही आढळते. आधुनिक काळात १९७८ मध्ये स्थापन झालेल्या व्हर्साचे या इटालियन संस्थेने मेड्युसाचे मस्तक आपले ओळखचिन्ह बनविले. तेथे भयाची जागा मोहकतेने घेतली.

अलीकडे या प्रतीकाला तिसरा अर्थ प्राप्त झाला आहे. रोमन कवी ओव्हिडने मेड्युसाची कथा अत्याचारग्रस्त आणि त्यासाठी स्वतःच शिक्षा भोगणाऱ्या स्त्रीची कथा म्हणून सांगितली. त्या आधारे अनेक स्त्रिया मेड्युसाचे लॉकेट अत्याचारातून तरून जाण्याचे चिन्ह म्हणून धारण करतात. लुचियानो गार्बाती यांनी २००८ मध्ये घडविलेले, पर्सियसचे मस्तक हाती घेतलेल्या मेड्युसाचे शिल्प २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभारले गेल्यावर या अर्थाला अधिक प्रसिद्धी मिळाली. हा अर्थ नवा असला तरी संरक्षणाच्या मूळ कल्पनेशी त्याचे नाते तुटलेले नाही, हे विशेष.

ड) दुधारी परशू

'लॅब्रिस' हा दुधारी परशू मुख्यतः क्रीटच्या मिनोअन संस्कृतीतील धार्मिक चिन्ह होता. तेथे सोन्याच्या पातळ पत्र्याचे छोटे परशू अर्पणवस्तू म्हणून सापडले आहेत. ग्रीक कलेत अॅमेझॉन योद्ध्या स्त्रियांच्या हाती परशू दिसतो. विसाव्या शतकात या एकाच चिन्हाने परस्परविरोधी वाटा धरल्या. १९३६ ते १९४१ या काळातील मेटाक्सास यांच्या हुकूमशाही राजवटीने आपल्या युवक संघटनेसाठी ते निवडले, तर १९७० च्या दशकात स्त्रीवादी व समलिंगी स्त्रियांच्या चळवळीने तेच स्वातंत्र्याचे चिन्ह म्हणून गळ्यात घातले. प्रतीकाला स्वतःचा स्थिर अर्थ नसतो, अर्थ त्याला धारण करणारा समाज देतो, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

आधुनिक पुनरुज्जीवनाचे टप्पे

प्राचीन ग्रीक प्रतीके आधुनिक अलंकारांत येण्याची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. १८२१ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर युरोपात ग्रीसविषयी उत्कट सहानुभूती निर्माण झाली. कवी बायरन याने १८२३ मध्ये ग्रीसला जाण्यापूर्वी होमरच्या काळातील धाटणीची शिरस्त्राणे बनवून घेतली होती. प्रत्यक्ष युद्धापेक्षा पोशाखातील वीरत्वाची ओढ त्यातून व्यक्त होते. याच शतकात रोममधील कास्तेल्लानी घराण्याने ग्रीक, एट्रुस्कन व रोमन नमुन्यांवर आधारित 'पुरातत्त्वीय शैली'चे अलंकार घडवून युरोपातील श्रीमंत वर्गात त्यांची आवड निर्माण केली. १८७३ मध्ये हिसार्लिक येथे सापडलेले सुवर्णालंकार श्लीमान यांनी आपल्या पत्नीच्या अंगावर घालून तिचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उत्खनन आणि फॅशन यांची ही पहिली मोठी भेट होय.

विसाव्या शतकात ग्रीक सराफांनी हा वारसा स्वतःकडे घेतला. इलियास लालाउनिस (१९२०-२०१३) यांनी १९५७ मध्ये प्राचीन नमुन्यांवर आधारित अलंकारांचा संग्रह सादर केला. अथेन्समध्ये अॅक्रोपोलिसजवळ त्यांच्या नावाचे अलंकार संग्रहालय आहे. एपिरस प्रांतातील ग्रीक सराफ सोटिरिओस वुल्गारिस यांनी १८८४ मध्ये रोममध्ये स्थापन केलेल्या बुल्गारी या पेढीने १९६० च्या दशकापासून खरी प्राचीन नाणी सोन्याच्या कोंदणात बसवून हार घडविले.

तिसरा टप्पा चित्रपटाचा आहे. फ्रँक मिलर यांच्या १९९८ मधील चित्रकथेवर आधारित '३००' हा झॅक स्नायडर यांचा चित्रपट २००७ मध्ये जगभर प्रदर्शित झाला. त्यात शिरस्त्राण, लॅम्डा असलेली ढाल व लाल अंगरखा यांचे जे मिश्रण दाखविले तेच पुढे असंख्य लॉकेटांवर व अंगठ्यांवर उमटले. कास्तेल्लानींच्या कारागिरांपुढे प्राचीन वस्तू होती. आजच्या बहुसंख्य उत्पादकांपुढे चित्रपटातील दृश्य आहे. हा फरक मूलभूत स्वरूपाचा आहे.

स्पार्टा : अलंकारावरील मिथक आणि इतिहास

या सर्व प्रतीकांत स्पार्टाशी संबंधित प्रतीके सर्वाधिक लोकप्रिय आहेत आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वाधिक चिंतनीय आहेत.

पहिली विसंगती धातूची आहे. झेनोफनने स्पार्टाच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात सांगितले आहे, की लायकर्गसच्या कायद्यानुसार सोने-चांदी बाळगणे निषिद्ध होते, त्यासाठी घरांची झडती घेतली जाई आणि दोषी व्यक्तीस दंड होई. त्याच ग्रंथात पुढे, पूर्वी लोक सोन्यासह दिसण्यास भीत, आता मात्र काहीजण त्याचा गर्व मिरवितात, अशी खंतही तो व्यक्त करतो. सोन्याच्या साखळीत अडकविलेले सोन्याचे स्पार्टन शिरस्त्राण झेनोफनने पाहिले असते तर त्याला तो स्पार्टाचा गौरव वाटला नसता, अधःपतनाची खूण वाटली असती.

दुसरी विसंगती शब्दांची आहे. अनेक कड्यांवर 'मोलोन लाबे' हे दोन शब्द कोरलेले असतात. शस्त्रे खाली ठेवा, या इराणी सम्राटाच्या मागणीस 'येऊन घे' असे उत्तर लिओनिडासने दिले, अशी ही आख्यायिका. १९५५ मध्ये थर्मोपिली येथे उभारलेल्या स्मारकावरही ते शब्द आहेत. परंतु या लढाईचा सर्वांत महत्त्वाचा साधनग्रंथ असलेल्या हिरॉडोटसच्या इतिहासात हे उत्तर नाही. ते प्लुटार्कच्या नावे असलेल्या स्पार्टन वचनांच्या संग्रहात, म्हणजे घटनेनंतर सुमारे पाच शतकांहून अधिक काळाने आढळते. ते उत्तर दिलेच गेले नाही, असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु शिलालेखासारखे निश्चित समजून ते कोरणे इतिहासाला धरून नाही.

तिसरी आणि सर्वांत गंभीर बाब माणसांची आहे. 'तीनशे' ही संख्या पदकांवर अमर झाली. हिरॉडोटसच्या सांगण्यानुसार अखेरच्या दिवशी थेस्पिया या लहानशा नगराचे ७०० सैनिकही स्वेच्छेने थांबले होते. त्यांचे स्मारक थर्मोपिलीत १९९७ मध्ये उभे राहिले, लिओनिडासच्या स्मारकानंतर चार दशकांहून अधिक काळाने. त्याहून दुर्लक्षित आहेत ते हेलॉट. स्पार्टन नागरिक आयुष्यभर युद्धाचा सराव करू शके, कारण त्याची शेती हे पराधीन, जमिनीला जखडलेले लोक करीत. हिरॉडोटस आठव्या खंडात लिहितो, की लढाईनंतर झर्क्सीसने आपल्या खलाशांना मृतदेह पाहण्यास बोलाविले तेव्हा पाहणाऱ्यांना ते सर्व स्पार्टन व थेस्पियन वाटले, प्रत्यक्षात त्यांत हेलॉटही होते. मृत्यूनंतर क्षणभर हेलॉट आणि स्पार्टन ओळखू येईनासे झाले. इतिहासाच्या स्मरणात मात्र त्यांना पुन्हा वेगळे करून विसरले गेले. 'न झुकण्याचे' चिन्ह म्हणून जे लॉकेट घातले जाते ते अशा राज्याचे आहे, ज्याने आपल्या भूमीवरील बहुसंख्य लोकांना झुकवून ठेवले होते.

प्रतीकांचे राजकारण

अलंकारावरील प्रतीक निरुपद्रवी आहे, असे नेहमीच म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये उदयास आलेल्या 'जेनेरासिआँ इदांतितेर' या अतिउजव्या स्थलांतरितविरोधी संघटनेने लॅम्डा हे आपले बोधचिन्ह केले. मार्च २०२१ मध्ये फ्रेंच सरकारने ती संघटना विसर्जित केली. ग्रीसमधील 'गोल्डन डॉन' या पक्षाने प्राचीन नागमोडी नक्षीचा ध्वजासाठी वापर केला. ऑक्टोबर २०२० मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने त्याच्या नेतृत्वास गुन्हेगारी संघटना चालविल्याबद्दल दोषी ठरविले. अमेरिकेत 'मोलोन लाबे' हे बंदूक बाळगण्याच्या हक्काच्या समर्थकांचे घोषवाक्य झाले आहे.

मॅसिडोनियाच्या ताऱ्याचे उदाहरणही असेच बोलके आहे. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना व्हर्जिना येथील राजसमाधीत सोन्याची पेटी सापडली. तिच्या झाकणावर सोळा किरणांचा तारा होता. १९९२ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या शेजारील प्रजासत्ताकाने हा तारा ध्वजावर घेतला आणि ग्रीसशी तीव्र वाद उद्भवला. १९९५ मध्ये ध्वज बदलला गेला. २०१८ च्या प्रेस्पा कराराने त्या देशाने, म्हणजे आताच्या उत्तर मॅसिडोनियाने, सार्वजनिक ठिकाणी या चिन्हाचा वापर थांबविण्याचे मान्य केले. लॉकेट म्हणून हजारो लोक घालतात तोच तारा दोन राष्ट्रांच्या करारातील कलमाचा विषय झाला.

अर्थलोपाचे एक भारतीय उदाहरण

परदेशी चिन्हाचा अर्थ सुटून आकृती शिल्लक राहणे, ही प्रक्रिया महाराष्ट्राच्या इतिहासालाही अपरिचित नाही. इंडो-ग्रीक राजा मिनँडरच्या चांदीच्या नाण्यांवर ढाल व वज्र धारण केलेली युद्धसज्ज अथीना आहे. मिनँडर व अपोलोडोटस यांची जुनी नाणी इ. स. च्या पहिल्या शतकात भडोच बंदरात चालत होती, असे 'पेरिप्लस'मध्ये नोंदविले आहे. या नाण्यांच्या प्रभावातून पश्चिम भारतातील क्षहरात राजा नहपानाने आपल्या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठीसोबत ग्रीक लिपी वापरली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात ती मोठ्या प्रमाणावर आहेत. पुढील क्षत्रपांच्या नाण्यांवर हीच ग्रीक अक्षरे हळूहळू वाचता न येणारी, केवळ कडेची नक्षी बनली. आजच्या लॉकेटवरील लॅम्डाही त्याच वाटेवर आहे. फरक एवढाच, की क्षत्रपांच्या टांकसाळीतील कारागिरापुढे मूळ अर्थ जाणून घेण्याचे साधन नव्हते, आपल्यापुढे ते आहे.

निष्कर्ष

१. कांस्ययुगीन ग्रीसमध्ये योद्ध्याच्या अलंकारांवर युद्धदृश्ये होती. अभिजात व हेलेनिस्टिक काळात वीरत्वाची चिन्हे प्रामुख्याने दैवी संरक्षणाच्या रूपाने आणि बहुधा स्त्रियांच्या अलंकारांवर आढळतात.

२. शिरस्त्राणासारख्या युद्धसाधनाचे प्रतीकात रूपांतर प्राचीन काळातच नाणी व शिल्पे यांमधून सुरू झाले. आधुनिक अलंकारांनी ते पुढे नेले.

३. हॉप्लाइटच्या ढालीचा मूळ अर्थ सामूहिक जबाबदारी हा होता. आधुनिक अलंकारांवर त्याचे वैयक्तिक पराक्रमात रूपांतर झाले आहे.

४. 'स्पार्टन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतीकसमूहाची आजची रचना ऐतिहासिक पुराव्यापेक्षा चित्रपटाच्या प्रभावातून अधिक घडली आहे. तीत थेस्पियन व हेलॉट यांना स्थान नाही.

५. अर्थांतर हे सर्वच वेळी विपर्यास नसते. मेड्युसा व लॅब्रिस यांना मिळालेले नवे अर्थ अनेकांना आधार देणारे ठरले आहेत. मात्र अर्थांतर झाले आहे याची जाणीव असणे आवश्यक आहे.

प्राचीन प्रतीक धारण करणे अनुचित आहे, असे प्रतिपादन करण्याचा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू नाही. तरुण वयात धैर्याचे एखादे चिन्ह जवळ असावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि इतिहासाच्या शिक्षकाचे काम ते लॉकेट काढावयास लावणे हे नसून त्यामागील माणसे दाखविणे हे आहे. ढाल शेजाऱ्यासाठी धरावयाची असते, थर्मोपिलीत तीनशेंखेरीज आणखी माणसे मरण पावली आणि त्यांतील काही स्वतंत्रही नव्हती, एवढे जरी ते लॉकेट घालणाऱ्याला ज्ञात झाले, तरी त्याच्या गळ्यातील चिन्हाचे वजन वाढेल. अलंकार त्याचाच राहील, इतिहास मात्र सर्वांचा होईल.